खांडीतला पाय

गावात आमच्या घराला पायवाल्यांचं घर म्हणत. आडनाव आम्हालाही होतं, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतं. आई पेणच्या बाजारात पोह्याचे पापड घेऊन बसली की ओळखीच्या बायका तिला 'पायवाल्यांची सून' म्हणूनच हाक मारत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. आमचं गाव खाडीकाठी. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध, त्याच्या आत भात, बाहेर चिखल आणि तिवरांची झाडं. उधाणाच्या भरतीला कधी हा बांध फुटला की जे भगदाड पडतं त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की घरटी एक माणूस बांधावर हजर, हा जोळाचा नियम. जोळ म्हणजे बांध राखणाऱ्या सगळ्या घरांची मिळून गावकी. बाकीची माणसं चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायची, आणि खांडीच्या मधोमध, जिथे पाण्याची ओढ सगळ्यात जास्त, तिथे आमच्या घरातला माणूस उभा राहून ते गोळे पायाने तुडवून बसवायचा. आजोबा उभे राहत, त्यांच्या आधी त्यांचे वडील, आणि मला कळायला लागलं तेव्हापासून बाबा.

या मानाला एक अट होती. मधल्या माणसाने खांड बांधून होईपर्यंत पाण्यातून पाय काढायचा नाही. पाय निघाला की खांड जाते, म्हणजे घातलेली माती वाहून जाते, असं सगळे मानत. भरती चढली आणि काम थांबलं की बाकीचे घरी जाऊन जेवून येत. मधला माणूस मात्र तिथेच, चिखलात रोवलेल्या मेढीला बांधलेल्या फळीवर टेकून, पाय पाण्यात सोडून बसलेला. भाकरी त्याला जागेवर मिळे. झोपायचं तेही तिथेच, डुलक्या घेत. इतर गोष्टींचं तो काय करतो, हे मी लहानपणी एकदा मोठ्याने विचारलं होतं आणि आईची चापट खाल्ली होती.

आज रोह्यात माझं चपला-बुटांचं दुकान आहे. आता मुलगा बघतो, पण मी रोज जाऊन बसतेच, कारण मी नसले की तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून माल काढतो. मी आधी पाय बघते. पावसाळ्यात आमच्या खारेपाटातलं, म्हणजे खाडीकाठच्या गावांतलं, कोणी आलं आणि गमबूट मागू लागलं, तर मी सरळ सांगते, नको घेऊस. आमच्या चिखलात गमबूट जागच्या जागी राहतो आणि पाय तेवढा एकटा वर येतो. मुलाला माझा हा धंदा पसंत नाही. 'आई, तू विकायला बसतेस का परत पाठवायला?' म्हणतो. म्हणू दे.

आमच्या घरी पावसाळ्यातली संध्याकाळ म्हणजे पायांची वेळ. दिवसभर लावणीच्या चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडायच्या, सडायच्या, खाजायच्या. त्या चिखल्या. घराघरात असत, त्याचं कोणाला अप्रूप नव्हतं. चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या पडत असायच्या, तव्यावर सुकट भाजली जात असायची, त्या वासाने मांजर दारात येऊन बसायचं, आणि मी चुलीसमोर पाट टाकून एकेकाचे पाय मांडीवर घ्यायची. मेंदीचा पाला वाटून बेचक्यांत भरायचा, टाचांच्या भेगांना बिब्ब्याचा चटका द्यायचा. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला की त्यातून काळं तेल गळतं, ते गरमागरम भेगेत सोडायचं. माणूस 'आय गो' म्हणून ओरडला की चटका बरोबर बसला. माझा हात या कामात इतका बसला होता की शेजारपाजारचेही पाय घेऊन येत. सतरा-अठरा वर्षांची होते आणि मला वाटायचं, पायातलं मला सगळं कळतं. हा फाजील विश्वास माझा उपजत आहे. तो नंतरही गेला नाही, फक्त एकदा चांगला चेचला गेला.

त्या वर्षी गौरी-गणपती जाऊन आठवडा झाला होता. पौर्णिमेचं उधाण, भर दुपारची भरती आणि वर तीन दिवस न थांबलेला पाऊस. वारा असा की बांधावर बोलायला तोंड उघडलं तर पाणीच आत जायचं. आम्ही जेवायला बसलो होतो. बांधाकडून थाळी वाजल्याचा आवाज आला, एकदा, मग सलग. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. हात धुतला नाही, तसाच लंगोटाला पुसला आणि निघाले. आईने माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हटलं, 'खांड गेली गो.' खारं पाणी शेतात शिरून राहिलं तर हातातलं पीक जातंच, पण पुढची दोन-तीन वर्षं जमिनीत मीठ राहतं. सगळ्या गावाचा भात त्या एका भगदाडातून वाहून जाणार होता.

बाबा तीन दिवस पाण्यात होते. मी रोज दोन वेळा भाकरी घेऊन जायची. पहिल्या दिवशी ते माझ्याशी थट्टा करत होते, चिखलातले निवटे मासे पायांना गुदगुल्या करतात म्हणाले. दुसऱ्या दिवशी गप्प होते. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, 'बाबा, थंडी वाजते काय?' तर म्हणाले, 'आता नाय वाजत. पायांचा तर काय समजतच नाय. बरा हाय.' मलाही ते बरंच वाटलं. त्याच दुपारी भरती चढायच्या वेळी, शेवटचे हातभर गोळे बसायचे राहिले असताना, बाबांचा पाय सरकला. ते पाण्यात पडले, चौघांनी त्यांना दोराने ओढून वर घेतलं, आणि तेवढ्यात मागचं सगळं काम पाण्याने उचलून नेलं. बांधावर उभ्या असलेल्या साठ-सत्तर माणसांच्या मनात काय होतं ते मला ऐकू येत होतं, आणि बाबांनाही.

खाटेवर घालून त्यांना घरी आणलं. पाय बघून मी क्षणभर मागे सरले. पांढरेफटक, सुरकुतलेले, गार, वेळूच्या कोंबासारखे. तळव्यांना आडव्या-उभ्या भेगा पडल्या होत्या. मी म्हटलं, हे आपलंच काम. आईने चुलीत लाकडं सारली, बाबांचे पाय जाळाच्या अगदी जवळ ठेवले. मी बिब्बा घेतला. पहिल्या भेगेत तेल सोडलं, बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, चटका नीट बसला नाही. पुन्हा सोडलं. मग तिसऱ्यांदा, जास्त तापवून. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, तुझं सुरू कधी होणार असं विचारल्यासारखे. मी आठ-दहा ठिकाणी चटके दिले. जो माणूस साध्या चटक्याला घर डोक्यावर घ्यायचा तो हूं की चूं करत नाही, यातून मला काही कळायला हवं होतं. नाही कळलं. मी उलट आईला अभिमानाने म्हटलं, 'बग, बाबांना आता सवय झाली.'

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय सुजून लाल झाले, आणि दुपारपर्यंत त्यांत जी आग सुटली तिने बाबा गुरासारखे ओरडू लागले. अंगावरचं पांघरूण बोटाला लागलं तरी त्यांना सोसत नव्हतं. मी जिथे जिथे तेल सोडलं होतं तिथे तिथे मोठे फोड आले होते, आणि डाव्या पायाची करंगळी काळी पडायला लागली होती. दादाला निरोप गेला. माझा मोठा भाऊ रोह्याला कंपनीत होता, शिफ्टमध्ये, तिथेच खोली घेऊन राहायचा. तो आला आणि त्याने एकही प्रश्न न विचारता बाबांना पाठीवर घेतलं. बांधावरून कासू स्टेशनपर्यंतची ती चाल मला अजून आठवते: पुढे दादा, त्याच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे ते पाय, आणि मागून मी, त्यांवर पाऊस पडू नये म्हणून छत्री धरून.

दादाच्या खोलीजवळ एक डॉक्टरीणबाई होत्या. बुटक्या, चष्मा लावणाऱ्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी पाय वर उचलून बघितले, टाचणीने एकेक बोट टोचून बाबांना विचारत गेल्या. मग फोडांकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'हे कुणी केलं?' मी म्हटलं, 'मी.' त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, 'बाळ, पाय मुका झालेला असला की त्याला आग कळत नाही. तू भाजत होतीस आणि त्याला सांगता येत नव्हतं.' मी त्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, आणि माझ्या आयुष्यात मी इतकी उघड्यावर रडल्याचा तो एकच प्रसंग. बाबांना मी भाजलं होतं. दुसऱ्या कोणी नाही, मी.

डोळे पुसून परत आत गेले आणि बाईंना सगळं विचारून घेतलं, कारण रडून पाय बरा होत नाही. त्यांनी समजावलं की यासाठी बर्फ लागत नाही. दोन-तीन दिवसांची ओल आणि गारठा पुरतो. पायातलं रक्त फिरेनासं होतं, आधी बधिरपणा येतो, मग सूज, मग ही आग. जाळाजवळ धरायचे नाहीत, चोळायचे नाहीत, फोड फोडायचे नाहीत. कोरडे ठेवायचे, उशीवर उंच ठेवायचे, सैल कापड घालायचं. करंगळी जाईल, बाकीचं वाचेल. 'पण,' असं म्हणून त्यांनी बाबांकडे बघितलं, 'महिनाभरात पाण्यात पाय घातलात, तर पुढच्या वेळी मी बोटांबद्दल बोलणार नाही.'

बाबांनी मान डोलावली. परतीच्या गाडीत त्यांनी दादाला विचारलं, 'भांग कवा हाय?' अमावास्या-पौर्णिमेचं उधाण ओसरलं की मधल्या दिवसांत भरती मंद असते, तो भांग. फुटल्या फुटल्या खांड बांधून झाली नाही, तर मग ती बांधायची त्याच दिवसांत. दादा म्हणाला, 'पाच दिवसांनी. तुमाला काय करायचाय?' बाबा बोटांवर दिवस मोजू लागले. मला कळलं. दादालाही कळलं.

घरी आल्यावर त्यांनी सांगूनच टाकलं. 'माजा पाय निघाला म्हून खांड गेली. मीच बांधनार. नायतर या गावात मी कसा फिरू?' आई रडली, दादा चिडला. त्यांच्यावर कशाचाच परिणाम होईना. आमच्या बाबांचं असं होतं की रागावले तर त्यांना मनवता येई, पण शांत बोलायला लागले की झालंच. करंगळी काळी, पाय भोपळ्याएवढे, आणि हा माणूस भिंतीला धरून उभं राहायचा सराव करत होता. मी त्यांना म्हटलं, 'बाबा, तुमचा पाय निघाला नाय. त्याच्यात जीवच नव्हता. मुका पाय कसा धरंल?' ते म्हणाले, 'लोकांना सांग जा.' त्यांना वाटलं, संपला विषय.

मी गेले सांगायला. देवळात जोळाची बैठक होती. जोळाचे पुढारी नाना, साठीचे, मिशा पिळणारे, बाबांचे लांबचे चुलतभाऊ. बायका अशा बैठकीला खांबाआड उभ्या राहून ऐकत, मी पुढे जाऊन बसले. नाना म्हणाले, 'सुमे, बापाला बरा वाटतंय ना? भांगाला येल ना तो?' मी म्हटलं, 'नाय येनार. आनि दुसरा कोन पन आमच्यासारका तीन-तीन दिवस उभा ऱ्हानार नाय.' एकदम गलका झाला. कोणी म्हणालं, मग खांड कोण बांधणार, तुझा मामा? मला राग आला की माझा आवाज बारीक होत नाही, मोठाच होतो. मी म्हटलं, 'पाय निघाला म्हून खांड जात नाय. पाय मरतो म्हून जाते. तिसऱ्या दिवशी बाबांना पायच समजत नव्हता, त्यांनी मना सोता सांगला. तुमी मेलेल्या पायावर बांद उभा करता. माज्या दादाच्या कंपनीत भट्टी कंदी इझत नाय, पन मानूस आठ तासांनी घरी जातो. भट्टी इझली काय त्याच्यापायी? तासाला मानूस बदला. एकाचा पाय निघायच्या आदी दुसऱ्याचा तिथंच बसला पायजे. निघालेला भायेर येऊन पाय पुसंल, सुका करंल.'

नाना मिशीवर हात ठेवून म्हणाले, 'आनि पयला पाय? तो तर तुमच्या घराचा.' दादाही बैठकीला आला होता, त्याने उठायच्या आत मी म्हटलं, 'माजा.' खांबाआडच्या बायकांत कोणीतरी हसलं. नानांना वाटलं मी माघार घेईन. त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता, माझा त्यांना नव्हता. शेवटी ते म्हणाले, 'बरा. पन तासानं निघालीस आनि खांड गेली, तर गावाला तोंड तू दे.' मी कबूल केलं. आज वाटतं, केवढी मोठी जोखीम अंगावर घेतली होती! गावाचा भात, बाबांची अब्रू, सगळं एका तासावर. पण तेव्हा काही वाटलं नाही. पाय चालत होते तोवर मी चालत होते.

भांगाचा दिवस उजाडला. पाऊस नव्हता, पण आभाळ खाली आलेलं आणि वारा बोचरा. बाबांनी घरी थांबायला साफ नकार दिला, तेव्हा दादाने आणि आणखी तिघांनी त्यांना खुर्चीला बांबू बांधून बांधावर आणलं. पाय सुक्या धडप्यात गुंडाळलेले, समोर पालथ्या टोपलीवर ठेवलेले. त्यांची नजर खांडीवर होती. मी पदर खोचला आणि खांडीत उतरले. चिखल गुडघ्यापर्यंत, पाणी कमरेपर्यंत, आणि ओढ अशी की आपण उभे नसून कोणीतरी आपल्याला ओढत नेतंय असं वाटायचं. गोळे येत गेले, मी तुडवत गेले. अर्ध्या तासात तळव्यांचा गारठा पोटरीत चढला. मग पाय जड झाले. मग ते कुठे संपतात आणि चिखल कुठे सुरू होतो ते समजेना.

दादाने घड्याळ बघून थाळी वाजवली. माझ्यानंतर नानांच्या मुलाची पाळी होती, तो माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला. सगळी माणसं थांबली. आणि मी हलले नाही. खरं सांगते, मला निघायचंच नव्हतं. काम छान बसत होतं, पाणी माझ्या बाजूने थोडं थबकलं होतं, आणि डोक्यात एकच होतं: मी पाय काढला आणि गेली तर? बैठकीत कंपनी-भट्टी म्हणून तावातावाने भांडणारी मी, मीच आता चिखल घट्ट धरून उभी होते. बाबा तिथे तीन दिवस का थांबले ते मला त्या वेळी अंगातून कळलं. ते मान म्हणून थांबले नव्हते. भीती वाटते हो, आपण हललो आणि सगळं गेलं तर.

'सुमे,' बांधावरून हाक आली. बाबांची होती. 'पाय काड.'

मी वर बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते.

'काड म्हनतो ना! नाय जात खांड. सगल्यांनी बगा, मी सांगतो, नाय जात. काड पाय!'

आमच्या घरात हे शब्द तोवर कोणी उच्चारले नव्हते. मी उजवा पाय उपसला, त्याच खड्ड्यात नानांच्या मुलाने आपला घातला. मग डावा. पाणी वाहत होतं तसंच वाहत राहिलं. बसलेले गोळे जागेवर होते. नाना हातातला गोळा धरून तसेच उभे होते, मग ओरडले, 'बगत काय ऱ्हायला, द्या फुडे!' आणि रांग पुन्हा हलली.

मी चढून बाबांजवळ आले. त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडला, माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि एकेक बेचकी कोरडी करू लागले. गावासमोर बापाने लेकीचे पाय पुसावेत हे आमच्याकडे होत नाही. मी ओढून घेऊ लागले, तर म्हणाले, 'गप बस.' दोन्ही पाय पुसून झाल्यावर त्यांनी दादाकडे हात पुढे केला. 'घड्याल दे.' बाबांना घड्याळ वाचता येत नव्हतं. दादाने त्यांना मोठा काटा कुठे आला की वाजवायचं ते दाखवलं, आणि त्यांनी ते घड्याळ डोळ्यांसमोर धरून, थाळी मांडीवर घेऊन त्याच्यावर पहारा सुरू केला.

नानांच्या मुलासाठी त्यांनी थाळी वाजवली तेव्हा तास भरायला दहा मिनिटं होती. दादा म्हणाला, 'बाबा, अजून टाइम हाय.'

'असू दे,' बाबा म्हणाले, 'कोनाच्या तरी पोराचे पाय हायत ते.'